चालू स्थितीतलं चॅनल विकणे आहे

पुणे-सातारा महामार्ग सोडून चेलाडी फाट्यावरून नसरापूर-वेल्ह्याच्या रस्त्याला लागलं, किंवा आणखी थोडं पुढे जाऊन कापूरहोळावरून भोरकडे वळलं, की दोन्ही अंगांना विक्रीच्या पाट्या सुरू होतात. फार्महाऊस प्लॉट, डोंगरउताराचे प्लॉट, धरणाच्या फुगवट्याकाठचे प्लॉट, ‘टायटल क्लिअर’, ‘लोन उपलब्ध’. या दोन तालुक्यांत विकायला न काढलेली वस्तू म्हणजे एक पाऊस, आणि तोही हल्ली ‘दोन दिवस-एक रात्र, जेवणासह’ अशा भावात जातो.

अशा मुलखात आता आणखी एक माल फिरू लागलाय. त्याची पाटी विजेच्या खांबावर लागत नाही, ती टेलिग्रामच्या नाहीतर व्हॉट्सॲपच्या ग्रुपात येते. ‘मॉनेटाइज झालेलं यूट्यूब चॅनल देणे आहे. चालू स्थितीत. स्ट्राइक नाही. फक्त गरजूंनीच संपर्क साधावा.’ यातलं ‘चालू स्थितीत’ हे पिठाच्या गिरणीच्या जाहिरातीतून आलेलं असतं आणि ‘फक्त गरजूंनीच’ हे वधू-वर सूचक मंडळाच्या. एकूण मजकुरात चॅनलविषयी फारसं काही नसतं.

गरजू मात्र खोऱ्याखोऱ्यांत आहेत. हिर्डस मावळातला गडी वरंध घाटाचं धुकं टिपतो, अठरागाव मावळातला मढे घाटाचा धबधबा. नीरेच्या वळणाला कुणीतरी ‘नेकलेस पॉइंट’ म्हटलं आणि तेव्हापासून त्या वळणावर नदीपेक्षा दुचाक्या जास्त. भाटघरचं धरण भरलं, दरवाजांतून पाणी पडू लागलं, की त्याच्यापुढे उभं राहून ‘नमस्कार मित्रांनो’ म्हणणाऱ्यांची रांग लागते. १९२८ साली बांधून झालेल्या त्या धरणाला इतके मित्र पूर्वी कधीच नव्हते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुगवट्यात बुडालेलं कांबरेश्वराचं देऊळ वर येतं आणि वर्षातून एकच व्हिडिओ टाकणारी चॅनलंही जागी होतात. भोरच्या राजवाड्यात सिनेमाची मंडळी शूटिंगला येतात तेव्हा तर राजवाड्याबाहेर शूटिंगचं शूटिंग चालतं, आणि बऱ्याचदा तेच आधी प्रदर्शित होतं.

तर समजा, वेळवंड खोऱ्यात असाच एक पुतण्या आहे. शिरवळच्या कंपनीत शिफ्ट करतो, सुट्टीच्या दिवशी गड चढतो, आणि उरलेल्या वेळात आपलं चॅनल का वाढत नाही याचा विचार करतो. यूट्यूबची अट त्याला तोंडपाठ आहे. २०१८ पासून ती बहुतेक अशीच चालत आली आहे: जाहिरातीचे पैसे हवे असतील तर एक हजार सबस्क्रायबर हवेत आणि गेल्या बारा महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ चार हजार तास पाहिलेले हवेत. नाहीतर मग छोट्या उभ्या व्हिडिओंना, म्हणजे शॉर्ट्सना, नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहणारे हवेत. हजार माणसं जमवणं मावळात फार अवघड नाही. लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवात, अगदी दशक्रियेच्या मांडवात कीर्तन सुरू व्हायच्या आत समोरच्याचा फोन हातात घ्यायचा आणि स्वतःच बटण दाबून परत द्यायचा. दुःखाच्या घरी कुणी नाही म्हणत नाही.

घोडं अडतं ते तासांवर. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. दहा मिनिटांचा व्हिडिओ अथपासून इतिपर्यंत पाहणारी चोवीस हजार माणसं. आणि दहा मिनिटांचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहणारा माणूस शोधायचा तर स्वतःच्या आईपासून सुरुवात करावी लागते. तीसुद्धा सातव्या मिनिटाला दूध उतू जाईल म्हणून उठते. शॉर्ट्स खूप चालले तरी त्या फिरत्या पट्टीवर पाहिलेली मिनिटं या चार हजारांत धरत नाहीत. मग रात्री बाराच्या सुमाराला ग्रुपात ती जाहिरात येते, आणि पुतण्याला वाटतं, आपण विहीर खणत बसलोय आणि शेजारी कुणीतरी पाण्यासकट विकतोय.

अशा वेळी घरात सल्ला विचारायचा तर तो तात्यांना. तात्यांनी यूट्यूब फक्त भारूड ऐकण्यापुरतं वापरलेलं असलं तरी व्यवहार कशाला म्हणतात ते त्यांना कळतं. पुण्याच्या लोकांना त्यांनी जमिनी दाखवल्यात, काहींना दाखवलेलीच जमीन मिळवूनही दिलीय. त्यांनी पहिला प्रश्न बरोबर विचारला.

“सातबारा कुणाच्या नावावर हाय?”

“सातबारा नसतो तात्या. जीमेल असतो.”

“मग त्यो जीमेल कुणाच्या नावावर हाय?”

पुतण्याला वाटलं, म्हाताऱ्याला कळलं नाही. पण सगळ्या व्यवहारात याहून नेमका प्रश्न नाही. यूट्यूबनं चॅनलच्या खरेदी-विक्रीचं कार्यालय काढलेलं नाही. तिथे खरेदीखत नाही, नोंद नाही, तलाठी नाही, हरकतीची नोटीस नाही. चॅनल हे गूगलच्या एखाद्या खात्याला जोडलेलं असतं. ते ‘ब्रँड अकाउंट’ असेल तर जुना मालक नव्या माणसाला सहमालक म्हणून बोलावू शकतो. मात्र त्या नव्या मालकाला मुख्य मालक होण्याआधी निदान सात दिवस नुसतं सहमालक म्हणून थांबावं लागतं. हे सात दिवस मोठे गमतीचे. पैसे एकाच्या खिशात गेलेले असतात, किल्ली अजून त्याच्याच हातात असते, आणि दुसरा दर तासाला ‘दादा, झालं का’ असा मेसेज टाकत असतो. दादांचं ‘लास्ट सीन’ चौथ्या दिवसापासून दिसेनासं होतं.

आणि ब्रँड अकाउंट नसेल, नुसताच जीमेल-पासवर्ड हातात दिला असेल, तर विषयच वेगळा. त्या खात्याला जोडलेला फोन नंबर, पर्यायी मेल, जुना मोबाइल हे सगळं आधीच्या मालकाचं. महिन्याभरानं त्याला वाटलं तर तो ‘पासवर्ड विसरलो’ म्हणतो आणि गूगल त्याला प्रेमानं त्याचं खातं परत देतं. गूगलच्या दृष्टीनं यात चोरी कसली? घरधनी किल्ली हरवून दाराशी उभा होता, त्याला आत घेतलं.

तात्यांनी दुसरा प्रश्न ‘इतर हक्कां’चा काढला. बोजा काय आहे?

बोजे असतात, आणि ते चॅनलबरोबर येतात. जुन्या व्हिडिओंवर कुणाचं सिनेमातलं गाणं लावलेलं असेल तर त्या व्हिडिओची कमाई संगीत कंपनीच्या खात्यात जात असते. पावसाळी धबधब्यांचे निम्मे व्हिडिओ असेच कुण्या मुंबईच्या कंपनीसाठी राबत असतात. कॉपीराइटच्या तीन स्ट्राइक नव्वद दिवसांत बसल्या तर चॅनलच बंद होऊ शकतं, मग दोन कुणाच्या काळात बसल्या आणि तिसरी कुणाच्या, याची चौकशी कुणी करत नाही. दुसऱ्यांचे व्हिडिओ उचलून चिकटवलेले असतील, किंवा एकाच साच्यातून शेकड्यानं काढलेले असतील, तर यूट्यूब पैसे बंद करतं. जुलै २०२५ मध्ये यातल्या दुसऱ्या नियमाला ‘अस्सल नसलेला मजकूर’ असं नवं नाव देऊन तो पुन्हा बजावून सांगितला आहे. सहा महिने चॅनलवर काहीच टाकलं नाही तरी पैशांची सोय काढून घेता येते. म्हणजे ‘चालू स्थितीत’ हे शब्द लिहिले त्या दिवशी खरे असले तरी पुढच्या दिवाळीपर्यंत खरे राहतील असं नाही.

मोजणीचं काय? विकणारा पडद्याचे फोटो पाठवतो. त्यात कमाईचा आलेख राजगडाच्या बालेकिल्ल्यासारखा चढलेला असतो. असा फोटो दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात, आणि ते कसं करायचं याचे व्हिडिओही यूट्यूबवरच आहेत. खरी मोजणी हवी असेल तर विकणाऱ्यानं चॅनलच्या स्टुडिओत ‘फक्त पाहणारा’ म्हणून आत घ्यावं. अशी परवानगी देता येते, तिच्यात कमाई दिसते आणि हात मात्र कशालाच लावता येत नाही. ‘विश्वास नाही का भाऊ’ असं जो म्हणेल त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवावं. जमिनीच्या व्यवहारातही हे वाक्य नेमकं कधी येतं, ते तात्यांना माहीत आहे.

सगळं ऐकून तात्या म्हणाले, “म्हंजी जमीन त्या गूगलचीच राहनार. आपण कूळ.”

कूळसुद्धा नाही. कुळाच्या पाठीशी कायदा होता. १९४८ च्या कूळकायद्यानं आणि पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानं कसणारा मालक झाला. चॅनल कसणाऱ्यांचा कृषक दिन अजून ठरलेला नाही. उलट २९ जून २०२० च्या रात्री टिकटॉकवर बंदी आली तेव्हा लाखोंच्या संख्येनं जमवलेले चाहते एका रात्रीत गेले. खेड्यापाड्यातल्या पोरांनी दोन-तीन वर्षं राबून जे उभं केलं होतं त्याचा पंचनामा करायलाही कुणी आलं नाही. ॲडसेन्सचं खातं, म्हणजे पैसे ज्यातून येतात ते, तर चॅनलबरोबर विकताही येत नाही. ते ज्याचं त्यानं नव्यानं उघडायचं. त्यात दहा डॉलर जमले की गूगल पत्ता तपासायला एक पिन क्रमांक साध्या टपालानं पाठवतं. एवढी मोठी संगणक कंपनी शेवटी विसंबते ती भोरच्या पोस्टमनवर. आणि ज्या वाडीत अख्खी वस्ती एकाच आडनावाची, तिथे ते पाकीट आधी चार घरं फिरून, भाऊबंदकीत उघडलं जाऊन, मगच योग्य पुतण्याला मिळतं. तोवर बँकेची नोटीस आली अशी बातमी गावभर झालेली असते.

हे सगळं झालं तरी मूळ प्रश्न उरतोच. कागद स्वच्छ, मालक सज्जन, बोजा नाही. मग घ्यावं का?

मावळाला हा प्रश्न नवा नाही. मराठेशाहीत पाटीलकी विकत मिळत असे. पाटील कर्जात बुडाला, दंड भरायचा राहिला, दुष्काळ पडला, की तो निम्मी पाटीलकी विकायला काढी. राजवाड्यांसारख्या संशोधकांनी मावळातल्या देशमुख-पाटलांचे कागद छापून ठेवलेत, त्यांतली भांडणं वाचताना आजही घाम फुटतो. अशा खरेदीखतात नुसती जमीन नसे, मानपान असे, आणि त्याची यादी असे. होळीची पोळी आधी कुणाची. पोळ्याला बैल आधी कुणाचे. शिराळशेटाचा मान कुणाला, टिळाविडा कुणाला, सणाला वाजंत्री आधी कुणाच्या दारात वाजायचं. कागदावर नांगराची निशाणी कुणाची वर आणि कुणाची खाली. घेणाऱ्यानं रोख मोजून हे सगळं घेतलं, गोतानं साक्षी घातल्या, दिवाणात हक्क भरला, तरी पुढच्या होळीला नेमकं भांडण व्हायचं. वाजंत्री नव्या पाटलाच्या दारात थांबे, आणि गाव जुन्या पाटलाच्या ओट्यावर जाऊन बसे. १९६२ च्या कायद्यानं मुलकी पाटलांचं पदच गेलं, पण कुणाची पाटीलकी विकतची आणि कुणाची मूळची, हे कुठल्याही गावात अजून विचारून पाहावं. उत्तर हळू आवाजात मिळतं, पण मिळतं.

चॅनलचा सबस्क्रायबर त्या गावासारखाच वागतो. बटण त्यानं दाबलेलं असतं, ते तो काढत नाही. काढायचे कष्ट कोण घेणार? तो फक्त येत नाही. एक लाखाचं चॅनल घेतलं आणि पहिल्या व्हिडिओला दीडशे माणसं आली, तर उरलेले नव्व्याण्णव हजार आठशे पन्नास गेले कुठे, असा शोध घेण्यात अर्थ नसतो. ते जुन्या ओट्यावर बसलेत.

त्यात पुतण्यानं हेरलेलं चॅनल होतं बडबडगीतांचं. ‘एक लाख सबस्क्रायबर’ एवढंच त्यानं पाहिलं होतं. जानेवारी २०२० पासून लहान मुलांसाठीच्या व्हिडिओंवर कॉमेंट बंद असतात आणि पाहणाऱ्याच्या आवडीप्रमाणे दिसणाऱ्या जाहिरातीही, हे त्यानं वाचलेलं नव्हतं. आणि समजा त्याच चॅनलवर तो उद्या तोरण्याच्या झुंजार माचीची चढाई घालू लागला. जेवताना ताटात न बघता पडद्यावरच्या सशाकडे बघणाऱ्या पोरापुढे एकदम कड्यावर लोंबकळणारा माणूस आला, की पोर रडणार, आई फोन हिसकावणार, आणि यूट्यूबचं यंत्र त्याची नोंद ‘आवडलं नाही’ अशी करणार.

नाव बदलू की, असं पुतण्याचं उत्तर. नाव बदलण्याची सोय यूट्यूबनं सढळ ठेवली आहे. चौदा दिवसांत दोनदा बदलता येतं. वेल्ह्याला एवढी सवलत मिळाली नाही. तालुक्याचं नाव राजगड करावं ही मागणी किती वर्षांची, किती ठराव झाले, तेव्हा कुठे २०२४ च्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळानं मान्यता दिली. नाव भारदस्त झालं. पण तालुक्याची कचेरी वेल्ह्यातच, आणि वेल्हे आहे तोरण्याच्या पायथ्याशी. सकाळी खिडकी उघडली की समोर तोरणा. राजगड मात्र पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, मराठ्यांच्या आणखी अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतही जाऊन बसला. तोरण्याचं नाव त्या यादीत नाही. स्वराज्याच्या पहिल्या गडांत ज्याची गणना, ज्यावर सापडलेल्या धनातून राजगड बांधला असं परंपरा सांगते, तो तोरणा हे सगळं मुकाट्यानं बघतो आहे. आणि खाली वेल्ह्याच्या चौकात निम्मी चॅनलं ‘तोरणा’ काढून ‘राजगड’ लावण्याच्या खटपटीत आहेत.

मोठ्या लोकांनी चॅनलं विकत घेतलीच नाहीत असं नाही. खुद्द गूगलनंच घेतलं! २००५ च्या जानेवारीत त्यांनी स्वतःचं ‘गूगल व्हिडिओ’ काढलं होतं. त्याच वर्षी मागाहून आलेलं यूट्यूब पुढे निघून गेलं, तेव्हा ऑक्टोबर २००६ मध्ये गूगलनं १६५ कोटी डॉलरला यूट्यूबच घेऊन टाकलं. पुतण्याला हे फार आवडतं. पण गूगलनं यूट्यूब घेतल्यावर त्याचं नाव बदललं नाही, माणसं हाकलली नाहीत, आणि त्यावर बडबडगीतांऐवजी गड चढायला सुरुवात केली नाही.

डिस्नीनं असाच हात घातला. २०१४ च्या मार्चमध्ये त्यांनी ‘मेकर स्टुडिओज’ ही हजारो चॅनलांची मोट बांधणारी कंपनी घेतली; आधी ५० कोटी डॉलर ठरले, शेवटी रक्कम साडेसदुसष्ट कोटींवर गेली. त्या मोटेतला सगळ्यांत मोठा बैल म्हणजे ‘प्यूडीपाय’ नावाचा एक स्वीडिश तरुण. २०१७ च्या फेब्रुवारीत त्याच्या काही व्हिडिओंवरून गदारोळ झाला आणि मेकरनं त्याच्याशी संबंध तोडला. तरुण आपलं चॅनल घेऊन चालत राहिला. मेकर स्टुडिओज हे नाव त्याच वर्षी डिस्नीच्या पोटात विरघळलं. मुलांच्या ‘ब्लिपी’चीही कथा तशीच मजेची. नारिंगी चष्मा आणि गॅलिस घालणारा हा गृहस्थ ‘मूनबग’ कंपनीनं २०२० मध्ये चॅनलसह घेतला. पुढच्या वर्षी त्याच कपड्यांत दुसराच माणूस पडद्यावर आला. तीन वर्षांच्या पोरांनी ओळखलं की हा आपला ब्लिपी नाही. आईबापांनी इंटरनेटवर दंगा केला. तरी मूनबगला फारसं नडलं नाही, २०२१ अखेर ती कंपनीच सुमारे ३०० कोटी डॉलरला विकली गेली. ज्याच्याकडे तीनशे कोटींचा माल आहे त्याला एक माणूस बदलणं परवडतं. वेळवंड खोऱ्यातल्या पुतण्याकडे बदलायला माणूस एकच, तो स्वतः.

इकडे मराठीत पाहावं तर नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, ‘आपली आजी’. शाळेत न गेलेली बाई, २०२० मध्ये नातवानं कॅमेरा धरला आणि गावरान स्वयंपाक लाखोंनी पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चॅनल हॅक झालं. आजी हळहळल्या, बातम्या आल्या, काही दिवसांत चॅनल परत मिळालं. त्या चोरट्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं तर हसू येतं. चॅनल त्याच्या हातात आलं होतं. सबस्क्रायबर, व्हिडिओ, नाव, सगळं. पुढचा व्हिडिओ टाकायला फक्त आजी नव्हत्या.

चोरीच्या मालाची धास्ती तर वेगळीच. २० सप्टेंबर २०२४ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाचं यूट्यूब चॅनल हॅक झालं आणि घटनापीठाच्या जागी आभासी चलनाची जाहिरात दिसू लागली. न्यायालयाचं जातं तिथे इंग्रजी शिकवणाऱ्या एखाद्या मास्तरांचं काय? तेव्हा ग्रुपात स्वस्तात फिरणाऱ्या चॅनलाचा मूळ धनी आत्ता कुठेतरी गूगलला तक्रारीचा सातवा मेल लिहीत बसलेला असू शकतो.

चालू माध्यम घेऊन यश मिळवल्याचं उदाहरण हवंच असेल तर ते पुण्यातलं आहे, फक्त जरा जुनं. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ ला सुरू झाला तेव्हा त्याचे संपादक आगरकर होते. मतं जुळेनात, १८८७ मध्ये ते बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. १८९१ मध्ये टिळकांनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही दोन्ही पत्रं कर्जासकट आपल्या अंगावर घेतली. एकानं बोज्यासह चालू चॅनल घेतलं, दुसऱ्यानं शून्यापासून नवं उघडलं, आणि दोघांनाही वाचक मिळाला; कारण केसरी घेणारा त्या घरात आधीपासूनच मोठ्या आवाजात बोलत होता आणि सुधारक काढणारा आपला आवाज बरोबर घेऊन निघाला होता. बाजारात पत्रं पुष्कळ होती. टिळकांनी बडबडगीतांचं घेतलं नाही.

पुतण्याचा तरी हट्ट सुटला नाही. बडबडगीतं नकोत, म्हणून त्यानं शोधून शोधून अगदी आपल्या मातीतलं चॅनल काढलं. बैलगाडी शर्यतीचं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना पुन्हा वाट दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली, आणि तेव्हापासून मैदानावर बैलांपेक्षा कॅमेरे जास्त पळतात. ‘बकासुर’सारख्या बैलाला जे चाहते आहेत ते पाहून नट मंडळींनी खोंड पाळायला घ्यावेत. हे चॅनलही अशाच एका बैलावर वाढलेलं. गट, सेमी, फायनल, गुलाल, सगळं होतं. विकणारा भाऊ बोलायला गोड. चंदेरी बटणसुद्धा देतो म्हणाला, पण ‘बटणाचे वेगळे पडतील’. लाख सबस्क्रायबर झाले की यूट्यूब देतं ते हे बटण विकायची यूट्यूबचीच मनाई आहे, हे पुतण्याला कुणी सांगितलं नाही आणि भाऊंनी तर नाहीच नाही.

व्यवहाराला तात्यांना बरोबर नेलं. कॉम्प्युटरवर आलेख बघून झाले, ‘फक्त पाहणारा’ म्हणून आतही जाऊन झालं, आकडे खरे निघाले. तात्या इतका वेळ गप्प होते.

“आन् बैल?” त्यांनी विचारलं.

“बैल माझ्या मेव्हण्याचा हाय,” भाऊ म्हणाले. “त्यो चॅनलात नाही.”

“मग तुमी चॅनल इकल्यावर मेव्हणा आमाला शूटिंगला येऊ देनार का?”

“त्ये त्याचं त्याला इचारा. बैलाची किंमत वेगळी हाय.” आणि त्यांनी बैलाची किंमत सांगितली. ती चॅनलच्या कितीतरी पट होती.

तात्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. या वस्तूतलं त्यांना कळत होतं. दात बघता येतात, खांदा बघता येतो, खुरात हात घालून बघता येतो, पळवून बघता येतो. पासवर्ड नाही. जुना मालक मध्यरात्री ‘विसरलो’ म्हणून परत नेत नाही. “चॅनल कशाला घेतो,” ते पुतण्याला म्हणाले, “बैल घे. चॅनलवालं आपसूक येत्याल गोठ्यावर. च्या पाजला तर पुन्यांदा येत्याल.”

पुतण्यानं हिशेब मांडला. पेंड, उडीद, दूध, अंडी, मैदानाला न्यायचा टेम्पो, आणि बैलामागे चोवीस तास एक माणूस. शिरवळच्या पगारात बैलाचा खुराक भागत नव्हता, त्याचा स्वतःचा कसाबसा भागत होता. बैल हप्त्यावर मिळेल का, हे मेव्हण्याला फोन करून विचारावं असं ठरलं. फोनला रेंज नव्हती. दोघं पाण्याच्या टाकीच्या चढावर गेले. तिथे तिघं जण आधीच हात वर करून उभे होते. कुणाचा तरी धबधबा अपलोड व्हायचा होता, आणि तो सत्त्याहत्तर टक्क्यांवर अडकला होता.